आठ महिने ॲपवर, ८८ किलोंसकट

पाचपैकी अडीच तारे. तो अर्धा कशाचा, ते शेवटी सांगतो.

वय ३३. पांढरकवड्याजवळचं एक गाव. नोकरी जिनिंगमधल्या वजनकाट्यावर. उंची पाच फूट सात, वजन ८८. मागच्या ऑक्टोबरात, कापसाच्या गाड्या लागायच्या आधी, हे गे डेटिंग ॲप टाकलं. चिन्ह बदलून कॅल्क्युलेटरसारखं करता येतं, त्या सोयीला पूर्ण मार्क. नाव लिहीत नाही, कारण अशा बहुतेक ॲपांचं तंत्र एकच: चौकोनी फोटोंची जाळी, जवळचा आधी, लांबचा नंतर.

शहरात ही जाळी एका मोहल्ल्यात भरत असेल. आमच्याकडे पहिला चौकोन तीन किलोमीटरवर (फोटो नाही, नाव नाही, आठ महिन्यांत एकदाही उत्तर नाही) आणि दुसरा थेट यवतमाळात. मग आदिलाबादकडचे तेलुगू बोलणारे, मग नागपूर. ४४ नंबरचा हायवे जवळून जातो म्हणून रात्री कुणीतरी अचानक ‘५०० मीटर’ दिसतो. ‘हाय’ लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं, तेवढ्यात गडी वडकीच्या पुढे.

जो थांबतो, त्याचा पहिला प्रश्न ‘स्टॅट्स?’ म्हणजे वय, उंची, वजन. नाव-गाव नंतर, बहुतेकदा नाहीच. मी आकडे खरेच लिहिले होते. दिवसभर काट्यावर बसणाऱ्याला खोटं वजन लिहायची सवय नसते. ८८ वाचलं की समोरचा गप्प. काही जण आधीच पाटी लावून ठेवतात, ‘नो फॅट, नो फेम, नो अंकल’. (फेम म्हणजे बायकी.) सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, १२ च्या वर गेला तर माल नाकारतात; पण मीटरचा आकडा शेतकऱ्याला दिसतो, तो भांडू तरी शकतो. इथे चॅटच गायब होते. भांडायचं कोणाशी?

गंमत अशी की गावात माझ्या अंगाला कोणी कधी नाव ठेवलं नाही. उलट मागच्या उन्हाळ्यात मुलीकडचे आले तेव्हा त्यांच्या मामानं कौतुकच केलं, ‘पोरगा अंगापिंडानं भरेल हाये.’ म्हणजे जिथे मी कोण ते लपवायचं, तिथे पोट चालतं. जिथे ते लपवायची गरज नाही, तिथे पोट लपवा.

डिसेंबरात नागपूरला गेलो. महिनाभर रोज बोलणं होतं, चेहऱ्याचा फोटोही दिला होता. सीताबर्डीला मेट्रोच्या जिन्याखाली भेटायचं ठरलं. तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. मी हात वर केला. माझ्या फोनवरची त्याची चॅट पुसली गेली आणि मी मान वर करेस्तोवर तो रिक्षात बसत होता. परतीच्या एसटीत तर्री-पोह्यांचा वास आला तरी मळमळत होतं. त्यानंतर दोन महिने प्रोटीन पावडर आणि काकडी. नऊ किलो उतरले. आई म्हणे, ‘काहून रे बाप्पा, एवढा वाळून राह्यला? कोनाची नजर लागली का तुले?’ आणि शुगर तपासायला घेऊन गेली. रिपोर्ट नॉर्मल. तिला काय सांगणार होतो? होळीपर्यंत नऊच्या नऊ परत आले.

कोणीतरी सुचवलं, प्रोफाइलमध्ये ‘बेअर’ निवड, म्हणजे अस्वल. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत केसाळ, जाडजूड गे पुरुषांनी सडपातळ, गुळगुळीत फॅशनला वैतागून आपला वेगळा गोतावळा उभा केला, तिथून आलेला हा शब्द. टिपेश्वरचं जंगल आमच्या शेजारी. आमच्याकडे अस्वल म्हणजे मोहफुलं वेचायला गेलेल्याला फाडणारं जनावर. तरी निवडलं. त्यातही ‘मस्क्युलर बेअर ओन्ली’ निघाले!

आता कबुली. जानेवारीत एका महिन्याचे पैसे भरून मीही फिल्टर उघडला. वय पस्तीसच्या आत, शरीर ‘टोन्ड’. जाळीत एकच माणूस उरला, १४० किलोमीटरवर. त्याने मला ब्लॉक केलं.

त्याच फिल्टरमुळे माझ्या जाळीतून एक ५१ वर्षांचे एसटी कंडक्टर नाहीसे झाले होते. मेसेज त्यांनीच केला. आम्ही तीनदा भेटलो, चहापुरते. मी त्यांना काका म्हणतो, ते चिडतात. त्यांच्या तरुणपणी यात्रेत नाहीतर बसस्टँडमागे अंधारात भेटी व्हायच्या. पोट कोणाला दिसत नसे, पण पोलिसांची भीती कायम. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ चा निकाल लागला, प्रौढांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा, तेव्हा ते ड्युटीवर होते, डेपोत येऊन एकट्यानेच पेढा खाल्ला म्हणे. ‘आता पोलीस नाही भेवाडत,’ ते म्हणाले, ‘आता पोट्टे भेवाडतात.’

त्यांनीच गाठ घालून दिलेला एक पोरगा आहे, गणपतीत बायकी नाच करतो. गावात त्याला बायल्या म्हणतात, ॲपवर ‘नो फेम’. तो यावर हसतो, मला जमत नाही.

तांत्रिक तक्रारी थोड्याच: रेंज गेली की मेसेज दोनदा जातात, जाहिराती फार, बॅटरी खातं. चेहऱ्याचा फोटो लावू नका, स्क्रीनशॉट गावात फिरायला वेळ लागत नाही.

एप्रिलमध्ये काट्यावरची वर्दळ संपली तेव्हा प्रोफाइलमधून उंची-वजन काढलं आणि एवढंच लिहिलं, ‘काट्यावर बसतो. बोलायला वेळ आहे.’ आठवड्यात तीन मेसेज आले. दोघांनी विचारलं, ‘स्टॅट्स?’ तिसरा वणीकडचा. त्यानं विचारलं, ‘भाऊ, यंदा कापूस काय भावानं गेला तुमच्याकडे?’

अर्धा तारा त्याचा.