सॉनिक ब्लू स्ट्रॅट: नऊ महिने रोज वाजवल्यावर

ही गिटार मी रंगासाठी घेतली, हे आधीच सांगते. फेंडर कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारीच्या आराखड्यावर बेतलेली, नवी कोरी. रंग सॉनिक ब्लू म्हणजे फिका निळा, फिंगरबोर्ड (जिथे बोटं दाबायची ती पट्टी) रोजवूडचा, त्यावर २१ फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या.

तेव्हा फेंडर वेगळ्या रंगांसाठी ड्यूपाँटचे मोटारींचे रंग वापरायची. सॉनिक ब्लू १९५६ च्या कॅडिलॅकचा, फिएस्टा रेड त्याच वर्षीच्या फोर्ड थंडरबर्डचा. ५ टक्के जास्त मोजले की असा रंग मिळे, नाहीतर नेहमीचा सनबर्स्ट, म्हणजे मध्ये फिका आणि कडेला गडद होत जाणारा रंग. जुन्या गिटारींवर लॅकरचा वरचा पारदर्शक थर पिवळा पडत जातो आणि खालचा निळा हिरवट दिसू लागतो. मला तो हिरवट रंग फार आवडतो, पण माझ्या गिटारीवर पॉलिएस्टरचा थर आहे, तो तसा पिकणार नाही. फोटोत आकाशी दिसलेली गिटार घरी ट्यूबलाइटखाली जवळजवळ पांढरी दिसली. घेताना दुकानाच्या दारात आणून उन्हात बघा.

आता खरं सांगायचं ते पिकअपच्या जागेबद्दल. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक-तारेचं वेटोळं, जे तारेचं हलणं विजेच्या संकेतात बदलतं. स्ट्रॅटवर ते तीन: नेककडे (गिटारीच्या दांड्याकडे), मध्ये, आणि ब्रिजजवळ (जिथे तारा गिटारीच्या अंगावर टेकतात). पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवलेले असतात ती प्लॅस्टिकची पाटी) उघडून मी मल्टिमीटर लावला, तर तिन्ही पिकअप जवळजवळ सारखेच, ६ किलोओहमच्या आसपास. १९५४ च्या मूळ स्ट्रॅटमध्येही तिन्ही एकाच जातीचे होते. तरी आवाज तीन, आणि ते केवळ जागेमुळे. ब्रिजजवळ तार कमी हलते, तिथे मूळ सुराच्या मानाने वरचे सूर जास्त पकडले जातात, म्हणून आवाज धारदार. नेककडे तार मोकळी झुलते, आवाज भरीव होतो. ब्रिजचा पिकअप तिरका आहे: बारीक तारांकडचं टोक ब्रिजजवळ, जाड तारांकडचं लांब. त्यामुळे जाड तारा तिथेही पातळ वाजत नाहीत.

हे कानांनी पटवून घ्यायचं असेल तर मोकळ्या तारेवर पाचव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, म्हणजे तार न दाबता तिथे बोट नुसतं टेकवून छेडा. ब्रिज पिकअपवर घंटेसारखा लखलखीत येतो. नेक पिकअपवर स्विच टाका, जवळपास नाहीसा होतो! कारण तो पिकअप बसलाय तिथे २४ वा फ्रेट आला असता. ब्रिजपासून तारेचा बरोबर चौथा हिस्सा, आणि त्या हार्मोनिकसाठी तार तिथे स्थिर असते. २४ व्या फ्रेटच्या जागेतच नेक पिकअपची जादू आहे असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. बोट दाबलं की तारेची लांबी बदलते आणि तो बिंदूही सरकतो.

त्रास तीन झाले. पहिला, पिकअपमधलं तिसऱ्या तारेखालचं चुंबक उंच, कारण १९५० च्या दशकात ती तार गुंडाळीची (वरून बारीक तार गुंडाळलेली) असे. आजची साधी तार त्यावर ओरडते. मी गुंडाळीची लावून पाहिली. आवाज सारखा झाला, पण बेंड करताना (सूर चढवायला तार बाजूला ओढताना) बोटं सोलली, आठवड्यात काढली. शेवटी पिकअपच थोडे खाली घेतले. नेकचा खाली घेतल्यावर आणखी एक फायदा झाला: चुंबकाच्या ओढीने जाड तारा वरच्या फ्रेटवर दाबल्या की बेसूर थरथरायच्या, ते थांबलं.

दुसरा, जुन्या वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोनचा नॉब नसतो आणि स्वच्छ आवाजात तो कानाला टोचतो. दुरुस्तीवाल्या काकांनी स्विचवर वायरचा एक तुकडा जोडून मधल्या पिकअपचा टोन त्यालाही दिला. दहा मिनिटांचं काम, पण सगळ्यात उपयोगी.

तिसरा गुणगुणाट. पंख्याचा रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असला की जास्त. खुर्ची फिरवून ॲम्पकडे (आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे) कूस करून बसते, बराच कमी होतो.

पिकअप निवडायला मूळ स्ट्रॅटला तीन जागांचा स्विच होता. वादक तो मध्येच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत. पाच जागांचा १९७७ मध्ये आला, माझ्याकडे तोच आहे. नेक आणि मधला एकत्र, ही माझी रोजची जागा. मधल्याला पिक (तार छेडायची चकती) लागायची, म्हणून तो आता पिकगार्डच्या जवळजवळ बरोबरीला नेलाय. त्या जोडीचा काचेसारखा आवाज थोडा मऊ झाला, आणि मला तो असाच आवडतो.