हाताने रंगवलेले म्हणून पाठवलेले छापील चित्र

आईच्या पंचाहत्तरीनिमित्त मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांच्या ‘द ब्लॅक ब्रुन्सविकर’ या चित्राची हाताने रंगवलेली, तैलरंगातील प्रतिकृती मागवली आणि अडतीस हजार रुपयांना फसले. अशा प्रतिकृती मागवणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून घडले ते लिहीत आहे.

मूळ चित्र १८६० सालचे आहे. नेपोलियनशी लढायला निघालेला, काळ्या गणवेशातला, ब्रुन्सविक या जर्मन संस्थानाचा सैनिक दार उघडू पाहतो आहे आणि त्याला बिलगून उभी असलेली त्याची प्रेयसी तेच दार हाताने दाबून बंद ठेवू पाहते आहे. नेपोलियनच्या वॉटर्लू इथल्या अखेरच्या पराभवाच्या दोन दिवस आधी, १६ जून १८१५ रोजी झालेल्या लढाईत ब्रुन्सविकचा ड्यूक स्वतः मारला गेला, त्यामुळे हा सैनिक परत येईल की नाही, ही शंका चित्र पाहताना मनातून जात नाही. त्या तरुणीसाठी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांची कन्या केट मॉडेल म्हणून बसली होती. दोन्ही मॉडेल्स एकमेकांसमोर कधी उभीच राहिली नाहीत, प्रत्येकाने लाकडी पुतळ्याला धरून ती मिठी साकारली, हे वाचल्यापासून मिले यांच्या हाताबद्दलचा माझा आदर अधिकच वाढला आहे. भावाकडे लिव्हरपूलला गेलो असताना पोर्ट सनलाइटच्या लेडी लिव्हर आर्ट गॅलरीत आई या चित्रासमोर कितीतरी वेळ उभी होती. वडील १९७१च्या युद्धावर निघाले तेव्हा तिच्या लग्नाला सात महिने झाले होते. “मीही असंच दार धरलं होतं,” एवढेच ती म्हणाली. बाबा आता नाहीत, आणि म्हणूनच मला तिच्या खोलीत हे चित्र हवे होते.

प्रतिकृती करून विकण्यात गैर काही नाही, हे आधी स्पष्ट करते. मिले १८९६ साली वारले, त्यामुळे त्यांच्या चित्रावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. चीनमधल्या शेनझेन शहरातील दाफेन ही वस्ती तर १९८९पासून अशा हाताने केलेल्या प्रतींवरच नावारूपाला आली. माझी तक्रार आहे ती यंत्रावर छापलेले चित्र हाताने रंगवलेले म्हणून विकण्याबद्दल.

विक्रेत्याने ‘शंभर टक्के हस्तचित्रित’ असे लिहून दिले, निम्मी रक्कम आगाऊ घेतली आणि कामाची प्रगती दाखवणारी तीन छायाचित्रे पाठवली. पहिल्यात पेन्सिलचे रेखाटन होते, दुसऱ्यात अर्धवट रंग आणि तिसऱ्यात पूर्ण चित्र. ही छायाचित्रे मी नीट पाहिली असती तर तेव्हाच शहाणी झाले असते, कारण तिन्हींमध्ये इझेलची (चित्र ठेवायच्या घोडीची) सावली आणि खिडकीचा उजेड तंतोतंत एकाच जागी होता, म्हणजे एकाच फोटोत संगणकावर तीन वेगवेगळी चित्रे बसवली होती. पहिल्या आणि शेवटच्या छायाचित्रात अंतरही सहाच दिवसांचे होते. तैलरंगाचा एकेक थर वाळायला कित्येक दिवस लागतात आणि त्या तरुणीच्या पोशाखाचे सॅटिन एका थरात उतरत नाही. उरलेली रक्कम थेट बँक खात्यात भरल्यास दहा टक्के सवलत मिळेल असे सांगण्यात आले, आणि मी कार्ड न वापरता तशी भरली. माझी सर्वांत मोठी चूक हीच, कारण कार्डाने पैसे दिले असते तर बँकेकडे व्यवहाराविरुद्ध दाद मागता आली असती.

चित्र आले तेव्हा त्याला, तैलरंग ज्यात कालवतात त्या जवसाच्या तेलाचा वासच नव्हता. वर हात फिरवल्यावर ब्रशचे फटकारे जाणवत होते खरे, पण ते रंगाचे नसून छपाईवर फासलेल्या पारदर्शक जेलचे होते, आणि सॅटिनच्या चुण्या, दाराची फळी, तिचा गाल या सगळ्यांवरून एकाच दिशेने गेले होते. रंगवणारा माणूस चुणीच्या वळणाबरोबर हात वळवतो. भिंगातून पाहिल्यावर छपाईचे निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसले. मूळ चित्रात मागच्या भिंतीवर आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनचे चित्र टांगलेले आहे. इथे मात्र इंटरनेटवरची लहान प्रतिमा ताणून मोठी केल्यामुळे त्याचा नुसता डाग उरला होता आणि त्याची एक कड चौकटीवर दुमडली गेली होती. आईला मी काही सांगण्याआधीच तिने विचारले, “हे छापलेलं आहे ना गं?”

विक्रेत्याचे उत्तर असे की वरून जेल हातानेच लावले आहे, त्यामुळे ‘हस्तचित्रित’ म्हणणे खोटे ठरत नाही. पुढे त्याने तीस टक्के रक्कम परत देऊ केली, पण मी लिहिलेला प्रतिकूल अभिप्राय काढून टाकण्याच्या अटीवर. ती अट मी मानली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तिचा उपयोग न झाल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत, मात्र दोन वर्षांची मुदत पाळावी लागते. ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांनी चित्र, वेष्टन, संभाषण आणि ती प्रगतीची छायाचित्रे यांतले काहीही टाकून देऊ नये. माझ्या वकिलांनी सर्वप्रथम ती तीन छायाचित्रेच मागितली, आणि तिन्हींतली ती एकच सावली आता तक्रारीला जोडलेली आहे.