एमजीबीची पुढची काच बदलली, त्याला आता नऊ महिने झाले

काच फुटली तेव्हा आवाज अगदीच किरकोळ झाला. गेल्या सप्टेंबरात एका शनिवारी माझ्या एमजीबीतून, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीतून, इंग्लंडात ऑक्सफर्डहून डिडकॉटला घरी येत होतो. ए-३४ महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला, टक् झालं आणि समोरचा रस्ताच दिसेनासा झाला. अख्खी काच एका क्षणात पांढरीफट्ट. नशीब, टप, म्हणजे वरचं कापडी छत, काढलेला होता. बूड उचलून फ्रेमच्या वरून मान काढली आणि कशीबशी गाडी पुढच्या ले-बायमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यात, घातली. हँडब्रेक ओढला त्या हिसक्यानं मधला भाग मांडीवर आला, खडीसाखर सांडावी तसा.

हे झालं ॲबिंग्डन गावाच्या अगदी जवळ. एमजीबी १९६२ पासून तिथंच बनायची, ऑक्टोबर १९८० मध्ये कारखाना बंद होईपर्यंत. माझी गाडी १९७२ ची, उघडी दोन सीटर, १७९८ सीसीची. म्हणजे माहेरच्या वेशीवर येऊन फुटली.

आता काचेबद्दल थोडं, कारण मी स्वतः सात वर्षं या गाडीत बसून याचा विचार केला नव्हता. माझ्या गाडीत टफन्ड काच होती. ही काच भट्टीत तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. त्यामुळे वरचा थर दाबाखाली राहतो आणि काच मजबूत होते. पण तो थर एका ठिकाणी भेदला गेला की सगळी काच एकदम जाते, बारीक बोथट खडे होऊन. कापत नाहीत, ते खरं. पण दिसतही नाही काही. लॅमिनेटेड काचेत दोन पातळ काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा असतो. तडा जातो, पण काच जागेवर राहते आणि रस्ता दिसतो. आजच्या सगळ्या गाड्यांना पुढे हीच असते. एमजीबीलाही ती नवीन मिळते, आणि मला ११० पौंडांना पडली. पन्नास वर्षं जुन्या गाडीची काच घरपोच ११० पौंडांत! मी खूश. वाटलं, काम झालं.

काम इथून सुरू होतं. काच हा या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी लढाई रबराशी आणि स्क्रूंशी.

विम्यात काच धरलेली होती, म्हणून आधी त्यांच्याकडून माणूस आला. तरुण मुलगा, स्वच्छ व्हॅन. गाडीभोवती एक फेरी मारली, फ्रेमला बोट लावून बघितलं आणि म्हणाला, आम्ही चिकटवलेल्या काचा बदलतो, हे नाही करत. त्याचंही बरोबर आहे. उघड्या एमजीबीची काच बॉडीत बसवलेलीच नसते. ॲल्युमिनियमची चार तुकड्यांची फ्रेम असते, वरची पट्टी, खालची पट्टी आणि दोन खांब. काच या फ्रेममध्ये, आणि फ्रेम बॉडीवर. म्हणजे फ्रेम काढा, खोला, काच घाला, जोडा, परत बसवा. याच गाडीचं बंद छपराचं जीटी मॉडेल असेल तर ही भानगड नाही, तिथं काच सरळ रबरात बसते.

आमचे आबा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, तीस वर्षं. व्हिडिओ कॉलवर त्यांना गाडी दाखवली.

"त्यात काय एवढं? बीडिंगच्या खाचेत दोरी घालायची, बाहेरून एकानं काच दाबायची, आतून दोरी ओढत जायची. दहा मिनिटांचं काम."

"आबा, इथं काचेभोवती रबराचं बीडिंग नाही. फ्रेम आहे."

"फ्रेम कुठली? काच म्हटली की बीडिंग आलंच."

तीन कॉल झाले तरी ते दोरी सोडेनात. शेवटी मी फ्रेम खोलून टेबलावर मांडली आणि कॅमेरा फिरवला, तेव्हा म्हणाले, "हे येड्याचं काम आहे." त्यावर आमचं एकमत झालं.

फ्रेम बॉडीला डॅशबोर्डच्या खाली, दोन्ही टोकांना बोल्टांनी धरलेली असते. शिवाय मध्ये एक बारीक उभा दांडा, ज्यावर आरसा असतो, तो खाली दोन स्क्रूंनी. दांडा निघाला दोन मिनिटांत. बोल्टांसाठी सीट काढून, पाय मागे टपाच्या जागेत आणि डोकं पेडलांपाशी अशा अवस्थेत दीड तास पडून होतो. पाने इंच मापाचे लागतात, मिलिमीटरवाले लावून बोल्टची डोकी गोल करू नका. बोल्टांबरोबर पातळ पट्ट्या निघतात, त्या कुठल्या बाजूच्या किती ते लगेच लिहून ठेवा. मी लिहिलं नाही. पुढे भोगलं.

मग कोपऱ्यांचे स्क्रू. लोखंडी स्क्रू, ॲल्युमिनियमची फ्रेम आणि इंग्लंडचा पन्नास वर्षांचा पाऊस. दोन धातू ओलाव्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम गंजून खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी आट्यांमध्ये सिमेंटसारखी बसते. तीन दिवस रोज संध्याकाळी तेल सोडलं. हीट गननं तापवलं. ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला. सहा निघाले, एकाचं डोकं तुटलं. तो ड्रिल करून काढला आणि नवे आटे पाडले. घाईनं साध्या स्क्रूड्रायव्हरवर जोर लावाल तर खाच जाईल आणि मग सगळ्याच स्क्रूंना ड्रिल. नवे स्क्रू स्टेनलेस घेतले आणि प्रत्येकाला अँटी-सीझ ग्रीस फासलं, म्हणजे पुढच्या वेळी जो कोण असेल तो मला शिव्या देणार नाही.

रबरं दोन. एक काचेच्या कडेला गुंडाळून फ्रेममध्ये जातं, दुसरं फ्रेमच्या खाली, बॉडीवर टेकतं. काचेचं पहिलं रबर आलं ते जाड होतं. खांब काही केल्या शेवटपर्यंत सरकेना, बोटभर फट राहत होती. इथं माणूस हातोडी उचलतो आणि नवी काच फोडतो. मी उचललीही होती. मग रबर परत पाठवलं, दुसरीकडून मागवलं, ते मिलिमीटरभर पातळ निघालं आणि सामानाचा पट्टा फ्रेमभोवती आवळून हळूहळू सगळं बसलं. काचेची कड कुठंही धातूला टेकलेली नाही ना, हे टॉर्च धरून चारी बाजूंनी बघा. जिथं टेकेल तिथून पुढेमागे तडा जाणार.

खालचं रबर फ्रेमच्या खाचेत टोकापासून सरकवत न्यायचं असतं. नवं रबर ताठ. एका वितीवर अडकून बसलं. इथं आबा कामाला आले. "गरम पाण्यात टाक अर्धा तास, भांडी घासायचा साबण लाव, आणि ओढू नको, ढकल." ओढलं की रबर ताणून बारीक होतं, नंतर आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते, असं त्यांचं म्हणणं. ढकललं. गेलं.

बसवताना मात्र माणसं लागतात. रबर नवं असल्यामुळे फ्रेम वर उचललेली राहते आणि बोल्टांची भोकं जुळत नाहीत. बायको एका बाजूनं, शेजारचे निवृत्त गृहस्थ दुसऱ्या बाजूनं फ्रेमवर वजन टाकून उभे आणि मी खाली भोकात निमुळती सळई घालून चाचपडतोय. "झालं का रे?" हे मी किमान वीस वेळा ऐकलं. एक बोल्ट पकडला की बाकीचे तासाभरात होतात. पण पक्के आवळू नका. आधी दोन्ही दरवाजे लावा. दारांवरच्या तिकोनी काचांची रबरं खांबांना नीट टेकतायत का बघा. मग टप चढवा, कारण टपाचा पुढचा भाग याच फ्रेमच्या वरच्या पट्टीवर अडकतो. बोल्टांबरोबरच्या पातळ पट्ट्यांचा हिशोब लिहून न ठेवल्याचं मला इथं भोवलं. डाव्या दारापाशी करंगळी जाईल एवढी फट होती. दोनदा सैल करून पुन्हा बसवलं.

आता नऊ महिन्यांचा हिशोब. हिवाळा पूर्ण गेला, गाडी आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढली.

रात्रीचा फरक सगळ्यात मोठा. जुन्या काचेवर इतके बारीक टोचे होते की समोरून गाडी आली की प्रकाशाची धुळवड व्हायची. मला वाटायचं, चाळिशीनंतर डोळे गेले. डोळे ठीक आहेत. दुसरी गंमत गॉगलची. पोलराइज्ड गॉगल घातला की जुन्या काचेवर काळपट ठिपक्यांची नक्षी दिसायची. हवेच्या झोतांनी काच एकसारखी थंड होत नाही, त्या ताणाचे ते डाग होते. नवीन काचेत नक्षी नाही.

टप पहिले दोन महिने चढवायला जड जायचा, कारण फ्रेम केसभर उंच बसली आहे. थंडीत तर दोघं लागायचे. रबर दबलं तसा आता एका हातानं लागतो. ताशी ५० मैलांपर्यंत वाऱ्याचा आवाज पूर्वीपेक्षा कमी, त्याच्यावर तेवढाच. जोराच्या पावसात डाव्या कोपऱ्यातून अजून थेंब येतात, बरोबर तिथूनच जिथं मी फ्रेम दोनदा हलवली. खाली जुन्या टॉवेलचा तुकडा ठेवला आहे. आबांना सांगितलं नाही.

जानेवारीत पुन्हा खडा लागला, पुन्हा ए-३४ वरच. या वेळी काचेच्या डाव्या बाजूला मसुराएवढा तारा उमटला, आणि बस्स. गाडी चालवत घरी आलो. इथं ४० वर्षांहून जुन्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे, पण मी हौसेनं करून घेतो. नियम असा की ड्रायव्हरसमोरच्या २९० मिलिमीटर रुंद पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठा टवका चालत नाही, वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात ४० पर्यंत चालतो. माझा सहज पास झाला. रेझिन भरून घेतलं, आता शोधावा लागतो.

कुणी विचारलं की जुनी टफन्ड काच शाबूत असेल तर बदलू का, तर मी हो म्हणेन, पण मुद्दाम नको. टप किंवा डॅशचं काम निघालं की त्याच वेळी उरका. जे अस्सलपणासाठी जुनीच ठेवतात त्यांच्याशी वाद नाही, फक्त त्यांनी ट्रकच्या मागे टप लावून जाऊ नये.

डॅश काळा, लोखंडी पत्र्याचा आहे. त्यावर लोहचुंबकाचा छोटा गणपती असतो. काच फुटली तेव्हा त्याच्याभोवती खडे साचले होते, पण तो हलला नव्हता. खडे मी दोनदा व्हॅक्यूम करून काढले, गालिचा उचलून काढले, सीटच्या रुळांतून चिमट्यानं वेचले. काही मात्र काचेखालच्या हवेच्या फटींतून आत पडले आहेत. परवा, जुलै महिन्यात, सकाळी धुकं होतं म्हणून हीटरचा पंखा लावला. आत खुळखुळ वाजलं आणि एक खडा उडून गणपतीच्या पायाशी येऊन पडला.