राजगिरा लाडूचं पाकीट: आजी आणि आई दोघींना चालेल असा गोड खाऊ

वाण्याकडे, एसटी स्टँडवर, उपवासाच्या दिवसांत तर अगदी दारात मिळणारं राजगिरा लाडवांचं पाकीट. ज्या घरात आजी म्हणते, ‘पोराला गोड खाऊ दे की’ आणि आई म्हणते, ‘आठवड्यातून एकदाच’, तिथे बहुतेक वेळा या पाकिटावर तडजोड होते. गूळ आहे, धान्य आहे, उपवासाला चालतं, म्हणजे पौष्टिकच असणार. तेव्हा हे परीक्षण चवीपुरतं न ठेवता, या तडजोडीला लाडू किती उपयोगी पडतो ते पाहू.

आधी वजन. लाह्या फार हलक्या आणि गूळ जड. घरी चार वाट्या लाह्यांना एक वाटी चिरलेला गूळ घेतला की गूळ थोडाच वाटतो. काट्यावर ठेवा, गुळाचं वजन लाह्यांपेक्षा जास्त भरतं. विकतच्या पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव गुळाचं असेल तर त्यात राजगिऱ्यापेक्षा गूळ जास्त आहे, हे सरळ समजावं. पहिलं नाव राजगिऱ्याचं असलेलं पाकीट निवडावं. नंतर गुळाबरोबर साखर किंवा ग्लुकोज सिरपही दिसलं तर ते ठेवून द्यावं.

एका लाडवात किती गोड आहे, हे पाकिटावरूनच काढता येतं. निव्वळ वजनाला लाडवांच्या संख्येने भागा. समजा २०० ग्रॅमच्या पाकिटात २० लाडू आहेत, तर एक लाडू १० ग्रॅमचा. पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे एकूण साखर ४५ ग्रॅम छापली असेल, तर लाडवामागे साडेचार ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर साखर. तक्त्यातला ‘एकूण साखर’ हाच आकडा बघायचा. ‘रिफाइंड साखर नाही’ या मोठ्या अक्षरांचा अर्थ फक्त पांढरी साखर नाही इतकाच. शरीराच्या आणि दातांच्या दृष्टीने गूळ साखरच आहे. गुळात लोह असतं हे खरं, पण पाच ग्रॅम गुळातून मिळणारं लोह नगण्य. ‘गुळाचं आहे, कितीही दे’ हीच घराघरातली सगळ्यात मोठी पळवाट आहे, आणि ती लाडवापासूनच सुरू होते.

आता हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, ५ टक्क्यांखाली आणता आली तर अधिक चांगलं. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,३५० किलोकॅलरी लागतात. त्याच्या ५ टक्के म्हणजे सुमारे १७ ग्रॅम, चार चमचे. गूळ, मध, दुधात घातलेली साखर, बिस्किटं, सॉस, सगळं त्यातच. सकाळच्या दुधात दोन चमचे गेले की दोन लाडवांत दिवस संपला. म्हणून भांडण लाडवावरून होत असलं तरी कमी करण्याची पहिली जागा दुधाचा कप आहे. तिथे आठवड्याला पाव चमचा घटवला तर बहुतेक मुलांच्या लक्षातही येत नाही.

तरीही या कामासाठी आम्ही चिक्की, बिस्किट आणि श्रीखंडापेक्षा राजगिरा लाडूच निवडू. कारण तो मोजता येतो. श्रीखंड वाढताना हात सैल सुटतो, बिस्किटाचा पुडा उघडला की संपतो. लाडू मात्र ‘एक’ म्हटलं की एकच. चिक्की दातांच्या खाचांत चिकटून राहते, आणि त्यात आख्खे शेंगदाणे असतात. ते पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. लाडवातही काजूचे तुकडे किंवा आख्खे दाणे असले तर लहानग्याला तो लाडू देऊ नये. खजुराच्या लाडवांवर ‘वरून साखर घातलेली नाही’ असं असतं, पण वाळलेल्या खजुरात मुळातच निम्म्याहून जास्त साखर असते आणि तो चिकटतोही. ‘शुगर फ्री’ लाडवात माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरलेले गोड पदार्थ, असतील तर मुलांचं पोट फुगू शकतं, जुलाब होऊ शकतात. मध घातलेला कोणताही लाडू एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नको. मधात असू शकणारे बोट्युलिझमचे (बाळांना होणाऱ्या गंभीर विषबाधेचे) बीजाणू घरच्या पाकाच्या उष्णतेने मरत नाहीत. आणि दोन वर्षांपर्यंत गूळ-साखर दोन्ही टाळावी, मग आजी कितीही आग्रह करो.

घरी करायचे तर लाह्या आणि गूळ समान वजनाचे घ्यावेत, १०० ग्रॅमला १०० ग्रॅम, वर चमचाभर तूप. पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी वळली पाहिजे. पाक कच्चा राहिला तर लाडू भुगा होतो, पुढे गेला तर दगड. गूळ आणखी कमी केला तर लाडू वळत नाही. मग बारीक दाण्याचं कूट मिसळून गूळ थोडा कमी करता येतो. लाह्या आधी चाळायच्या, नाहीतर न फुटलेले दाणे आणि रेती दाताखाली येते. गूळ हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे पावसाळ्यात लाडू घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावेत. विकतचं पाकीट खवट वासाचं निघालं तर परत करावं.

दोन घरांत दोन नियम असतील, म्हणजे आईकडे एक आणि आजोळी तीन, तर आकड्यावरून भांडू नये. सुट्टीतल्या चार दिवसांचं फारसं बिघडत नाही. तीन गोष्टी मात्र सगळ्या घरांत एकच हव्यात. लाडू जेवणाच्या ताटात, मधल्या वेळी नाही: दर वेळी गोड खाल्लं की दातांवर अर्धा तास आम्ल तयार होतं, म्हणून एका ताटात दोन लाडू हे दिवसभरात चार वेळा अर्धा-अर्धा खाण्यापेक्षा बरे. रात्री दात घासल्यावर काही नाही. आणि ‘भाजी संपव, मग लाडू’ असा सौदा नाही, त्याने लाडू बक्षीस होतो आणि भाजी शिक्षा. ‘आईला सांगू नकोस’ असं म्हणून हातात ठेवलेला लाडू सगळ्यात वाईट. त्याने मूल गोड लपवायला शिकतं.

हे सांगायचं कोणी? आजी बाबांची आई असेल तर बाबांनी, आईची आई असेल तर आईने. सुनेने सांगायची वेळ आलीच, तर डबा आजींच्या हाती द्यावा: ‘आई, रोजचा लाडू तुमच्याच हातून, जेवताना. डबा तुमच्या कपाटात ठेवूया.’ डब्यात आठवड्याचे सातच लाडू मोजून ठेवावेत. पाहुणे आले आणि दोन जास्त गेले, तर ते त्याच सातांतले.