लेदर सीटची 'ट्रीटमेंट' करून घेताय? आधी हे वाचा

गाडीच्या लेदर सीटचं डीप क्लीनिंग आणि कंडिशनिंग करून देतो म्हणून एका डिटेलिंगवाल्याने माझ्याकडून चांगले घसघशीत पैसे उकळले आणि प्रत्यक्षात जुन्या मळावरच सिलिकॉनचं चकचकीत पॉलिश फासून दिलं. असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होत असणार, फक्त सीट चमकतायत म्हणून कोणाला कळत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

गाडी घरी आणली तेव्हा सीट नव्यापेक्षा जास्त चमकत होत्या. पण बसलं की अंग घसरायचं, हात लावला की बोटं तेलकट, आणि धूळ तर आधीपेक्षा जास्त बसायला लागली. शंका आली म्हणून पांढऱ्या मायक्रोफायबरच्या कपड्यावर थोडं लेदर क्लीनर घेऊन ड्रायव्हर सीटची दाराकडची कड पुसली, जिथे चढता-उतरता रोज घासलं जातं तिथे, तर कपडा काळा-तपकिरी झाला आणि पुसलेला पट्टा मॅट, बाजूचं सगळं तसंच चकचकीत. शिवणीत तर मळ जसाच्या तसा, म्हणजे ब्रश फिरवलाच नव्हता!

जाब विचारला तर म्हणे मॅडम, लेदर तेल पितं, मुरायला वेळ लागतो. साफ खोटं आहे हे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या लेदरवर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचं, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचं, कोटिंग असतं, पाण्याचा थेंब टाकून बघा, तसाच वर राहतो, मग तेल आत कुठून जाणार? आणि भेगा कंडिशनरने भरतात हेही थापच, तिथे कोटिंगच फुटलेलं असतं, त्याला फिलर आणि रंगच लागतो. बिलात त्याने सीटची मागची बाजू आणि दारांचे पॅडसुद्धा लेदर म्हणून लावले होते. बऱ्याच गाड्यांत अंग टेकतं तेवढाच भाग लेदर असतो, बाकी सगळं विनाइल म्हणजे लेदरसारखं दिसणारं प्लास्टिक, माझ्याही गाडीत तसंच आहे.

सगळ्यात संताप आला तो स्टीअरिंगचा. त्यालाही तेच पॉलिश चोपडलेलं, वळण घेताना हात सटकला माझा. पैसे गेले ते गेले पण हा जिवाशी खेळ आहे, स्टीअरिंग आणि पेडलला असलं काही लावूच द्यायचं नाही.

खरं काम साधं असतं. आधी नीट व्हॅक्यूम, मग लेदरसाठीचं सौम्य क्लीनर मऊ ब्रशवर घ्यायचं, थेट सीटवर फवारायचं नाही, बारीक छिद्रांच्या सीटला तर अजिबात नाही कारण पाणी आतल्या फोममध्ये आणि हीटर वगैरे असेल तर तिथपर्यंत जातं. हलक्या हाताने थोडा थोडा भाग घासून फेस लगेच पुसून घ्यायचा. कडक ऑल पर्पज क्लीनर किंवा मॅजिक स्पंज (डाग घासून काढायचा पांढरा मेलामाइनचा स्पंज) काढला तर तिथेच थांबवा, कोटिंग झिजतं त्याने. कंडिशनर लावलंच तर अगदी पातळ, आणि जास्तीचं पुसून काढायचं. स्वच्छ झालेली सीट सहसा मॅट दिसते, हाताला कोरडी लागते.

त्यामुळे पैसे द्यायच्या आधी तिथेच उभं राहून ओल्या पांढऱ्या कपड्याने सीटची कड आणि शिवण पुसून बघा, कपडा काळा झाला तर परत करायला लावा. काय प्रॉडक्ट वापरणार ती बाटली आधीच बघायला मागा. आमचा सीक्रेट फॉर्म्युला आहे, दाखवता येत नाही असं कोणी म्हणालं तर सरळ चावी घ्या आणि निघा.