शेल स्क्रिप्टिंगचं एक वर्ष: पैसा वाचला, पण त्या टक्क्याच्या चिन्हानं जीव खाल्ला

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी कॉम्प्युटर बघतो. बघतो म्हणजे सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरे, टॅली आणि वेळ पडली तर मालकांचा मोबाईलसुद्धा. बॅकअपला एक विकतचं सॉफ्टवेअर होतं. गेल्या मार्चएंडला त्याच्या रिन्यूअलचं कोटेशन आलं आणि आकडा मूळ खरेदीपेक्षा मोठा. फोन केला तर पलीकडचा पोरगा म्हणतो, "सर, तिकीट रेज करा." तिकीट टाकलं तर उत्तर आलं, तुमचा सपोर्ट संपलाय, आधी रिन्यूअल करा. म्हणजे रिन्यूअल एवढं महाग का, हे विचारायलाही रिन्यूअल पाहिजे! मालकांनी कोटेशन उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाले, "दुसरं कायतरी बघ की रे. एवढ्यात चार हार्डडिस्का येतील."

म्हणून शेल, म्हणजे कमांडी टाइप करून कॉम्प्युटरला काम सांगायची सोय. बॅश हा त्याचाच एक प्रकार, आणि आमच्या सर्व्हरवरचं उबुंटू म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. ह्याहून खोलात, उबुंटू कसं टाकायचं वगैरे सांगत बसत नाही, ते ठाऊक असलेल्यांसाठीच हे लिहितोय.

आधी क्लासचं सांगतो. कोल्हापुरात राजारामपुरीत एक क्लास लावला होता. त्याची फी आठवली की अजून पोटात दुखतं. पाढे म्हणून घ्यावेत तशा कमांडी म्हणून घेतल्या आणि शेवटी लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट हातात दिलं. एक्झिट कोड हा शब्द सबंध कोर्समध्ये आला नाही. कमांडनं शून्य परत दिलं तर काम झालं, दुसरं काहीही दिलं तर गडबड, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात बॅकअप द्यायचा कसा? त्यामुळे सुरुवातीचे महिने माझं पक्कं मत होतं की हा सगळा जुनाट पसारा आहे. बॅश 1989चं, त्याच्या आधीचं बोर्न शेल 1979चं, आणि त्या काळातल्या खोडी अजून जागच्या जागी. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडली की व्हेरिएबलची कमांड होते. चौकोनी कंसाच्या आत जागा सोडली नाही तर पुन्हा बोंब, कारण तो कंस हीच मुळात एक कमांड. पायथन शिकलो असतो तर बरं झालं असतं, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

मत पालटलं ते आरसिंक ह्या फाइली कॉपी करणाऱ्या कमांडमुळे. 1996 पासूनचं हत्यार आहे हे, पण त्याचा लिंक-डेस्ट हा ऑप्शन मला क्लासमध्ये कुणी दाखवला नाही. आज बदललेल्या फाइलीच नव्याने लिहायच्या, न बदललेल्या फाइलींना कालच्या फोल्डरमधल्या प्रतीची हार्ड लिंक द्यायची, म्हणजे त्याच फाइलीला दुसरं नाव. कुठल्याही तारखेचं फोल्डर उघडा, सगळा डेटा पूर्ण दिसतो. डिस्कवर जागा मात्र बदलापुरतीच जाते. आमच्याकडे पॅटर्नची ड्रॉइंग वर्षानुवर्षे तशीच असतात, रोज बदलतं ते टॅली आणि डिस्पॅचच्या एक्सेल शीट. म्हणजे आम्हाला हे सोन्यासारखं. त्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ह्याच गोष्टीला वरचं पॅकेज घ्यावं लागत होतं. मालकांना सांगितलं, खर्च शून्य. म्हणाले, "शून्य? मग त्यात कायतरी घोळ असणार."

घोळ होता. टक्क्याचा.

रोजच्या फोल्डरला तारखेचं नाव द्यायला डॉलरचं चिन्ह आणि कंसात डेट +%एफ लिहितात, शेल तिथे आजची तारीख घालतं. टर्मिनलवर ओळ चालवली, फोल्डर तयार. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळेला कमांड चालवणारा प्रोग्रॅम, क्रॉनटॅब ही त्याची यादी. तीच ओळ जशीच्या तशी क्रॉनटॅबमध्ये टाकली, रात्री 1 ची वेळ. सकाळी फोल्डर नाही. हाताने चालवली की चालते, रात्री चालत नाही. सिसलॉग, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, बघावा तर कमांड वेळेवर सुटलेली आणि तिच्या खाली एक ओळ, की एमटीए (मेल पोचवणारा प्रोग्रॅम) बसवलेलं नाही म्हणून आउटपुट टाकून देतोय. म्हणजे काय चुकलं ते क्रॉनच्या हातात आलेलं असतं. ते मेलने कळवायची त्याची पद्धत. मशिनवर मेलची सोय नाही, मग तो ते गुपचूप फेकून देतो. आणि ही सोय उबुंटूवर आपली आपण येत नाही, वेगळी बसवावी लागते.

कारण सापडलं ते मॅन पेजवर, म्हणजे कमांडच्या माहितीच्या पानावर, पण नुसतं मॅन क्रॉनटॅब म्हटलं तर भलतंच पान उघडतं. मॅन 5 क्रॉनटॅब म्हणावं लागतं. तिथे एका परिच्छेदाच्या पोटात लिहिलंय: कमांडमधलं टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, आणि पहिल्या टक्क्यानंतरचं सगळं त्या कमांडला इनपुट म्हणून जाणार. म्हणजे माझी कमांड डेट + इथेच तुटत होती, कंस उघडाच राहत होता. हा नियम कशासाठी? त्याच पानावर उदाहरण आहे: सोमवार ते शुक्रवार रात्री 10 वाजता जो नावाच्या माणसाला मेल जाते, तुझी पोरं कुठे आहेत म्हणून. त्या मेलचा मजकूर एका ओळीत बसावा, ह्यासाठी टक्का. त्या जोच्या पोरांपायी माझा बॅकअप अडकला!

उपाय सोपा आहे, टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची. पण माझं डोकं फिरलं होतं. क्रॉन नकोच म्हणून सिस्टिमडीच्या टायमरकडे गेलो, वेळेवर काम लावायची ती लिनक्सची दुसरी सोय. तिथे सर्व्हिस फाइलमध्ये टक्क्याला आणखी वेगळा अर्थ, तो दुप्पट लिहावा लागतो. शिवाय तिथली कमांड शेलमधून जातच नाही, त्यामुळे डॉलर-कंसाचा उपयोग नाही, बॅशला मुद्दाम हाक मारावी लागते. आणि बॅशमध्ये फाइलच्या नावाचं शेपूट छाटायचं चिन्ह कुठलं? टक्का. मजकूर छापायच्या प्रिंटएफ कमांडमध्ये? टक्काच. जीएसटीच्या बिलात मी तेवढा टक्का बघितला नसेल.

शेवटी क्रॉनवरच परत आलो, पण एक नियम करून: क्रॉनटॅबच्या ओळीत फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता आणि आउटपुट कुठल्या लॉगमध्ये जायचं ते. बाकी सगळं स्क्रिप्टच्या फाइलमध्ये, तिथे टक्का बिचारा गप्प असतो. लॉगकडे वळवताना आधी फाइल आणि मग 2>&1 लिहा. ह्या शेवटच्या चिन्हांचा अर्थ, चुकांचे संदेशही त्याच फाइलीत. उलट लिहिलं तर ते लॉगमध्ये जात नाहीत. स्क्रिप्टची पहिली ओळ बॅशची हवीच. उबुंटूवर 2006 च्या 6.10 पासून साधं एसएच म्हणजे डॅश हे बॅशहून साधं शेल आहे, आणि क्रॉन डिफॉल्टने तेच वापरतो. दुहेरी चौकोनी कंस दिसला की डॅश म्हणतं, अशी कमांडच नाही.

ह्या सक्तीने मी एकओळी जुगाड सोडून नीट स्क्रिप्ट लिहायला लागलो, आणि तेव्हा शेलचेक सापडलं. फुकट आहे, उबुंटूच्या एपीटी कमांडने बसतं. स्क्रिप्ट दिली की कुठल्या ओळीत व्हेरिएबलला दुहेरी अवतरण नाही ते सांगतं. आमच्या अकाउंटला फाइलींची नावं 'बिल फायनल नवीन 2' अशी असतात. अवतरण नसेल तर शेल त्या एका नावाच्या चार फाइली समजतं. क्लासच्या फीत जे मिळालं नाही ते ह्या एका प्रोग्रॅमने शिकवलं. मात्र क्रॉनटॅब त्याला दिसत नाही, त्यामुळे टक्क्याबद्दल तोही गप्प. असो.

ऑगस्टमध्ये एक वेगळीच गंमत झाली. महिन्याचा आकडा घेऊन मागचा महिना काढणारी दुसरी स्क्रिप्ट होती, जुलैपर्यंत व्यवस्थित चालली, 08 आल्यावर आडवी. शून्याने सुरू होणारा आकडा बॅश अष्टमान पद्धतीचा धरतं आणि त्यात आठ हा अंकच नाही. सप्टेंबरलाही तेच झालं असतं आणि ऑक्टोबरला आपोआप बरी झाली असती. आकड्याच्या आधी 10# लावलं की मिटतं.

मराठी नावांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे 'पगारपत्रक' असं फोल्डर आहे आणि सर्व्हरवर लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, 'सी' आहे, त्यात मराठी अक्षरं बसत नाहीत. आरसिंक कॉपी बरोबर करतं, पण लॉगमध्ये एका 'प'च्या जागी 340, 244, 252 असे तीन आकडे, प्रत्येकाच्या आधी उलटी तिरकी रेघ आणि हॅश. लॉग बघून डेटा खराब झाला असं वाटेल. झालेला नसतो. आरसिंकला -8 हा ऑप्शन दिला की पगारपत्रक पगारपत्रकासारखं दिसतं.

दुसरी प्रत रोज रात्री एसएसएचवरून, म्हणजे नेटवरच्या सुरक्षित जोडणीने, शहरात मालकांच्या घरी जाते, घर उंचावर आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच बंद झाला होता. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडे निघाली की पूर्वी आम्ही एक्स्टर्नल डिस्क पिशवीत घालून गावात आणायचो. ह्या पावसाळ्यात ती पिशवी कुणी शोधली नाही. त्या विकतच्या सॉफ्टवेअरवाल्यांची मेल अजून येते, आता 30% सूट देतात. टक्का इथेही आहेच.

पाचपैकी किती म्हणाल तर शेलला चार, क्रॉनला दोन, क्लासला काही नाही. ज्याला दोन-चार मशिन सांभाळायच्यात त्याने शिकावं. ज्याला मोठे हिशेब करायचेत त्याने सरळ पायथन धरावं, तिथे माझं जुनं मत कायम आहे.

सध्या हजेरीच्या मशिनची सीएसव्ही (रकान्यांची साधी फाइल) ऑकने, म्हणजे रकाने वेगळे काढणाऱ्या कमांडने, चाळतोय. मशिनचं सॉफ्टवेअर विंडोजवरचं, प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न नावाचं न दिसणारं चिन्ह सोडतं, त्यामुळे शेवटचा रकाना कशाशीच जुळत नाही आणि दुसऱ्या शिफ्टची सगळी माणसं गैरहजर दिसतात. टीआर ह्या अक्षरं बदलणाऱ्या किंवा काढणाऱ्या कमांडने ते कॅरेज रिटर्न काढायची सोय केलीय. पगार 7 तारखेला आहे, तोवर ह्या महिन्याची यादी हाताने ताडून बघणार.