रायझन ५ ७६००: पहिला गेमिंग पीसी याच्याभोवती जोडा

पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्याचं बजेट बहुतेक वेळा प्रोसेसरपाशीच फसतं. आठ कोअरचा (म्हणजे आठ गणनकेंद्रांचा) प्रोसेसर घेतला की ग्राफिक कार्डाला पैसे उरत नाहीत, आणि गेम चालू केल्यावर कमी पडतं ते कार्डच. एएमडीचा रायझन ५ ७६०० आला जानेवारी २०२३ मध्ये. त्यानंतर नवी पिढी आली, तरी पहिल्या जोडणीसाठी आम्ही अजून याचंच नाव घेतो.

६ कोअर, १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), ५.१ गिगाहर्ट्झपर्यंतचा बूस्ट (गरजेपुरता वाढणारा वेग), ३२ एमबी एल३ कॅश (चिपमधली जलद मेमरी). डब्यावर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण पूर्ण भार आला की तो ८८ वॉटपर्यंत ओढतो. १०८०पी मॉनिटर आणि मधल्या किमतीचं कार्ड असेल तर याला धाप लागत नाही. आमचा कौल मात्र निव्वळ वेगावर नाही. डब्यात कूलर येतो आणि चिपमध्येच छोटंसं ग्राफिक्स आहे, या दोन गोष्टी नवख्याला खूप वाचवतात.

त्या ग्राफिक्सवर गेम खेळायचे नाहीत. त्याचं काम वेगळं आहे. जोडणी झाली, पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला, तर कार्ड काढून ठेवा आणि केबल मदरबोर्डाच्या (पुढे नुसतं बोर्ड) एचडीएमआयला लावा. चित्र आलं तर संशय कार्डावर किंवा त्याच्या पॉवर केबलवर. नाही आलं तर रॅम पुन्हा बसवून बघा. चिपमध्ये ग्राफिक्स नसलेला, थोडा स्वस्त ७५००एफ घेतला की ही सोय जाते. ७६००एक्स आणि नवा ९६००एक्स यांच्या डब्यात कूलर नसतो, म्हणजे तो खर्च वेगळा धरायचा. बाजारात 'ट्रे' माल म्हणून सुटा प्रोसेसरही दाखवतात. बॉक्स पॅकवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेची जबाबदारी दुकानदाराच्या शब्दावर. बॉक्स पॅकच घ्या.

याच्या एएम५ सॉकेटमध्ये (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात, एकूण १७१८. केसाएवढ्या बारीक. त्यातली एक वाकली तरी एका स्लॉटची रॅम दिसेनाशी होऊ शकते, आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, बोर्डाचा डबा उघडल्यावर पहिलं काम हेच: प्लॅस्टिकची टोपी हळूच काढून मोबाइलचा टॉर्च आडवा धरायचा. सगळ्या पिना एका लयीत चमकल्या पाहिजेत. एखादी वेगळ्या दिशेला चमकली किंवा ओळीत काळा ठिपका दिसला, तर तो बोर्ड तिथल्या तिथे बदलून मागा. चांगला असला तरी फोटो काढून ठेवा, टोपी परत लावा आणि प्रोसेसर बसवताना ती निघाली की जपून ठेवा, कारण वॉरंटीला बोर्ड पाठवताना ती लागते. बिल जीएसटीचं हवं आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर हवा.

प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि नुसता ठेवा, दाबू नका. मग लीव्हर खाली आणा. इथे चांगलाच जोर लागतो आणि काहीतरी मोडतंय असं वाटतं. ते तसंच असतं. टोपी आपोआप उडून निघते.

सोबत येणाऱ्या रेथ स्टेल्थ कूलरला चार स्प्रिंगचे स्क्रू असतात. त्यासाठी बोर्डावरच्या दोन प्लॅस्टिक पट्ट्या आधी काढाव्या लागतात. पेस्ट लावलेलीच असते, वर आणखी थापू नका. स्क्रू कोपऱ्यासमोरचा कोपरा अशा क्रमाने, प्रत्येकी दोन-दोन आटे फिरवत आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली की दुसरी उचलली जाते आणि तापमान लगेच वर पळतं.

हा कूलर काम भागवतो, त्यापलीकडे नाही. व्हिडिओ रेंडर करताना ९० अंशांच्या आसपास आकडा दिसतो आणि पंख्याचा आवाज हेडफोन नसेल तर खटकतो. प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. गेममध्ये तो याच्या बराच खाली राहतो. पण खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी आतला आकडाही चढतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत खेळणार असाल, तर १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्या आणि कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. काचेच्या दर्शनी भागाचं कॅबिनेट दिसतं छान, पण हवा कोंडते.

बोर्डात बी६५०एम (बी६५० चिपसेटचा छोटा बोर्ड) पुरेसा. ए६२० ही चालतो, मात्र त्यातल्या स्वस्त बोर्डांवर पुढे मोठा प्रोसेसर टाकायला वाव कमी. आणि पुढे टाकता येणं हीच तर या सॉकेटची खरी किंमत आहे: बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून याच जागी ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी हे एएमडीचे वेगवान गेमिंग प्रोसेसर बसतात, बाकी पीसी तसाच राहतो. इंटेलचा १२४००एफ स्वस्तात मिळतो, पण त्याच्या सॉकेटचा रस्ता संपलेला आहे.

रॅमच्या बाबतीत हात आखडू नका असं सांगायला आवडलं असतं, पण २०२५ च्या अखेरीपासून डीडीआर५ चे भाव भडकले आहेत. उत्तम म्हणजे १६ जीबीच्या दोन पट्ट्या, ६००० वेग, सीएल३० (विलंबाचा आकडा, कमी तितका चांगला), एक्सपो (रॅमला तिच्या जाहीर वेगावर नेणारं सेटिंग) असलेल्या. परवडत नसेल तर सीएल३६ घ्या, फरक थोडा आहे. अगदीच हात तंग असेल तर १६ ची एकच पट्टी घेऊन नंतर दुसरी जोडता येते. तोवर बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) अर्धी मिळेल आणि काही गेममध्ये ते जाणवेल. चार पट्ट्या मात्र भरू नका. या सॉकेटवर चार भरल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो. दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

आता ज्या क्षणी सगळ्यात जास्त लोक घाबरतात तो क्षण. पहिल्यांदा बटण दाबल्यावर बोर्ड रॅम शिकून घेतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतो. पडदा काळा, बोर्डावर डीरॅमचा (म्हणजे रॅमचा) दिवा लागलेला, आणि हे काही मिनिटं चालतं. बंद करू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच रॅमला हात लावा. बायॉसमध्ये शिरलात की आधी ते अपडेट करा: २०२३ मध्ये काही बोर्डांनी एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं व्होल्टेज) जास्त दिल्यामुळे प्रोसेसर जळाले होते आणि त्यानंतरच्या बायॉसमध्ये १.३ व्होल्टची मर्यादा आली. जुन्या साठ्यातल्या बोर्डावर जुनंच बायॉस असू शकतं. मग एक्सपो चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर धावत राहील. चालू केल्यावर पडदा पुन्हा काही वेळ काळा राहील.

कार्ड निवडताना आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० ही जोडी ८ जीबी मेमरीवर अडते. नव्या गेममध्ये टेक्श्चरचा (पृष्ठभागांच्या चित्रांचा) दर्जा वर नेला की ती भरते. पैसे जुळत असतील तर आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबीचं कार्ड घ्या. प्रोसेसरवर वाचलेले पैसे इथे घालायचे असतात.

या कार्डाचे १६० वॉट, प्रोसेसरचे ८८, बाकी सगळं मिळून बेरीज तीनशेच्या आसपास. ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) पुरतो, ६५० घेतला तर पुढच्या कार्डाचीही सोय होते. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस वापरू नका. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) असेल तर दुसऱ्या कंपनीची केबल कधीही लावू नका: टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो आणि एसएसडी जळू शकते. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. मॉनिटर धरला तर गेम चालू असताना वीज गेल्यावर तो टेकीला येतो. १००० व्हीए धरा.

विंडोज ११ टाकण्याआधी बोर्डाच्या वेबसाइटवरून लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. इन्स्टॉलर इंटरनेट मागतो आणि पुष्कळ बोर्डांचं वायफाय त्याला ओळखत नाही. सगळं झाल्यावर मॉनिटरची केबल बोर्डाला राहिली असेल तर ती काढून कार्डाला लावायला विसरू नका, आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो) बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर कितीतरी घरांत ६० वरच चालू असतो.